हाताला गार लागेपर्यंत

३ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार नंतर करतो, आधी भांडण. मी 'लोहाराकडे' कामाला लागलो असं तू आईला सांगितलंस म्हणे. लोहार नाही गं. आमचं हीट ट्रीटमेंटचं वर्कशॉप आहे. लोहार लोखंडाचा आकार बदलतो. आम्ही आकाराला धक्काही लावत नाही, स्वभाव बदलतो. ड्रिल, आटे पाडायचे टॅप, कटर आमच्याकडे येतात तेव्हा कानशीने खरवडता येतील इतके मऊ असतात, आणि इथून जातात तेव्हा त्यांच्यावर कानशी फिरवली तर कानशीचेच दात जातात.

कॉलेज सोडल्याचं मला काडीइतकंही वाईट वाटत नाही, हेही आईला सांग. भर प्रॅक्टिकलला माझ्या डोक्यात भुसा आहे असं म्हणणाऱ्या सरांसमोर मी जर्नल आपटलं आणि बाहेर पडलो तो मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. छत्री तेवढी आत राहिली.

इथे मी हायस्पीड स्टीलवर आहे. साधं पोलाद कापता कापता तापलं की त्याची धार बसते, मेणासारखी. हायस्पीड तापून लाल झालं तरी कापत राहतं. टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम असली दांडगी मंडळी त्याच्या पोटात असतात. मला तर वाटतं देवाने ते माझ्यावरूनच बेतलं असावं. (हस. मला इथून ऐकू येतंय.)

पण त्याचे नखरे फार. एकदम भट्टीत घातलं तर तडकतं. म्हणून आधी एका भट्टीत सावकाश कोमट करायचं, मग दुसरीत जरा जास्त, आणि मग तिसरीत, बाराशे डिग्रीच्या वर, जिथे बघताना डोळ्यांवर निळी काच धरावी लागते. तिथे मात्र दोन-चार मिनिटंच. जास्त ठेवलं तर धारेचे कोपरे वितळायला लागतात. तिथून काढून वितळलेल्या मिठाच्या टाकीत, आणि मग मोकळ्या हवेत.

एवढं करून तो कटर मशीनला लावला तर काचेसारखा फुटेल. म्हणून टेंपरिंग. साडेपाचशे डिग्रीला दोन तास, आणि बाहेर काढून गार. असं एकदा नाही, तीनदा. आमचे भट्टीमास्तर मधल्या वेळी कटरला पालथा हात लावून बघतात. हाताला गार लागेपर्यंत पुढचं टेंपरिंग नाही, मग भले दोन तास लागोत नाहीतर दुपार जावो. मी विचारलं, तीनदा कशाला? ते म्हणाले की पहिल्या वेळी स्टीलच्या आतला जो भाग मऊ राहिलेला असतो, तो गार होताना कडक होतो. म्हणजे तो नवा कडक झालेला भाग टेंपर व्हायचा राहिलाच. त्याच्यासाठी दुसऱ्यांदा. आणि त्यातूनही कोणी सुटला असेल तर तिसऱ्यांदा. गंमत म्हणजे साधं पोलाद टेंपर केलं की मऊ पडतं, हे मात्र आणखी कडक होतं.

बाकी ठीक. समोरच्या गिअर कारखान्याच्या टूलरूममधली मायक्रॉन आज आली होती. गल्लीत सगळे तिला असंच, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणतात, कारण माप घेतल्याशिवाय ती बोलत नाही. डाव्या गालावर ग्रीस लागलं होतं. कोणी तिला सांगितलं नाही. मीही नाही.

तुझा,
भाचा (लोहार नव्हे)


९ फेब्रुवारी

चिरंजीव भडकू,

आशीर्वाद पाकिटात मावेनात, म्हणून अर्धे घातलेत. उरलेले तुझ्या आईकडे ठेवलेत. ती अजून तुझ्यावर रुसलेली आहे, पण तुझं पत्र माझ्या हातातून ओढून दोनदा वाचलं आणि 'अक्षर किती घाणेरडं' म्हणून डोळे पुसत आत गेली.

लोहार शब्द मागे घेते. ट्रीटमेंट म्हणतोस ना, मग तू आमच्याच बिरादरीतला झालास. फक्त आमच्या वॉर्डात पेशंट बाराशे डिग्रीला जात नाहीत, एकशे तीनलाच नातेवाईक रडायला लागतात. आणि तुमचे पेशंट बरे, उलट बोलत नाहीत. काल सात नंबरचे आजोबा मला म्हणाले, सिस्टर, गोळी घेतली. मी म्हटलं, जीभ वर करा. जिभेखाली गोळी. आयुष्य गेलं माझं लोकांच्या जिभेखाली बघण्यात.

तर तुझं पत्र मी तसंच वाचलं. पान-दीडपान स्टील आणि शेवटी जाता जाता चार ओळी. त्या चार ओळींचं अक्षर वळणदार कसं काय? तुझ्या आईच्या नाही लक्षात आलं, ती रडत होती. मी रडत नव्हते.

कोण आहे ही? काय करते? आणि गालावर ग्रीस आहे हे तुला सांगता आलं नाही? बाराशे डिग्रीसमोर उभा राहणारा माणूस तू.

स्वतःला हायस्पीड म्हणवून घेतोस ते एक बरं आहे. लाल होण्याचा भाग जुळतो. लाल झाल्यावरही काम करत राहण्याचा भाग मला अजून दिसायचा आहे.

तुझी मावशी


१७ फेब्रुवारी

मावशी,

तू सी.आय.डी.त जायला हवी होतीस, वॉर्डात फुकट गेलीस. विचारतेसच तर सांगतो.

ती टूलरूममध्ये कटर बनवते. आजवर त्यांचा कारखाना गिअर कापायचे कटर बाहेरून मागवायचा. हिने मालकांना सांगितलं, मी इथेच बनवते. मालक हसले. मग हिने स्वतः ड्रॉइंग काढलं, हायस्पीडचा मऊ गोळा घेतला आणि एकेक दात कापला. किती दिवस त्यावर वाकून बसली होती ते मला माहीत आहे, कारण आमच्या भट्टीच्या खिडकीतून तिची मशीन दिसते. (मास्तरांनी ती खिडकी आता पुठ्ठा लावून बंद केली आहे. झळ बाहेर जाते म्हणाले. झळ!)

पुढच्या महिन्यात, तीन तारखेला, मालकांसमोर चाचणी आहे. कटर चालला तर यापुढे कटर तिथेच बनणार आणि टूलरूम तिच्या हाती. फुटला तर पुन्हा बाहेरून मागवायचे आणि ही पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली. तो कटर तिने परवा कापडात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा आणला. मास्तर नेमके बाहेरगावी, भट्टीवर मी एकटा. ती म्हणाली, "नीट करा. पुन्हा बनवायला देणार नाहीत मला."

एवढं लांब वाक्य ती आजवर माझ्याशी बोलली नव्हती. मी म्हणालो, आज संध्याकाळी तुमच्या हातात असेल. ती म्हणाली, घाई नाही. मी म्हणालो, आमच्याकडे कामाला वेळ लागत नाही.

आणि मावशी, दिला! सकाळच्या चहाला भट्टीत घातला आणि दिवे लागायच्या आत कटर तिच्या हातात. तिने समोर उभं राहून कडकपणा मोजायच्या हार्डनेस टेस्टरवर बघितला. चौसष्ट. हवा तोच आकडा. तिने भुवई उचलली. मायक्रॉनने भुवई उचलणं म्हणजे दुसऱ्या कोणी हार घालण्यासारखं आहे. जाताना म्हणाली, तुम्ही फार पटकन केलंत.

त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. प्रेमानेच असणार.

तुझा भाचा


२१ फेब्रुवारी

चि. भडकू,

अभिनंदन. भुवईचं केलं, कटरचं नाही. कटरचं करावं की नाही याचा विचार करते आहे.

मी अडाणी बाई. मला स्टीलमधलं तेवढंच कळतं जेवढं तू मला लिहून शिकवलंस, आणि तू चांगलं शिकवतोस. तूच लिहिलंस की एका टेंपरिंगला दोन तास. मधे हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मग दुपार गेली तरी चालेल. आणि असं तीनदा. त्याच्याआधी तीन भट्ट्या आणि मिठाची टाकी वेगळीच. आता सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत एवढं सगळं कसं बसलं, ते मी बोटांवर मोजून पाहिलं. माझी बोटं पुरतात. तुझा दिवस पुरत नाही.

माझी काहीतरी चूक होत असेल. तिकडे काही नवीन यंत्र आलं असेल, किंवा तुमच्याकडे दिवे उशिरा लागत असतील. तसं असेल तर सांग, मी माफी मागेन.

नाहीतर बाळा, जीभ वर कर.

आणि जेवण जात नाही ते प्रेमाने नाही. प्रेमात पडलेले पेशंट मी पाहिलेत, ते इतरांच्या ताटातलंही खातात.

तुझी मावशी


२४ फेब्रुवारी

मावशीस,

तुझं पत्र मिळालं. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. सरांनी एक म्हटलं ते म्हटलं, आता घरचेही माझी तोंडी परीक्षा घेणार.

कटर टेंपर केला आहे. आकडा चौसष्ट आला आहे. तिच्या डोळ्यांदेखत आला आहे. यंत्राला माझ्याशी नातं नाही, ते माझी बाजू घेणार नाही. तू इंजेक्शनं टोच, भट्टी माझ्यावर सोड.

मला यापुढे या विषयावर लिहायचं नाही.

तुझा भाचा

ता. क. आज मास्तरांना मी सहज विचारलं की एकदाच टेंपर केलेला कटर कळतो का टेस्टरवर. ते म्हणाले, नाही, आकडा बरोबरच दाखवतो, म्हणून तर नवशिके फसतात. कापायला लागला की दाताचे कपचे उडतात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, कोणाचा कटर? मी म्हणालो, कोणाचाच नाही. ते पुन्हा भट्टीकडे वळले. त्यांना ऐकायला कमी येतं असं सगळे म्हणतात, पण मला तसं वाटत नाही.

ता. ता. क. आईला काही सांगू नकोस.


२६ फेब्रुवारी

बाळा,

तुझं पत्र रागावलेलं आहे आणि तुझे ता. क. घाबरलेले आहेत. मी ता. क.ना उत्तर देते.

एकच विचारते. राहिलेली टेंपरिंग आता करता येतात का? की एकदा वेळ गेली की गेली? करता येत असतील तर काम फार थोडं आहे. तिच्याकडून कटर परत मागायचा आणि राहिलेले दोन डोस द्यायचे. बाकी जे काही आहे ते कटरचं दुखणं नाही, तुझ्या नाकाचं आहे. त्यावर औषध असतं तर मी तुझ्या आजोबांनाच दिलं असतं.

तुला वाटतंय की सांगितलं तर ती भुवई खाली येईल. येईल. मी खोटं कशाला सांगू? पण तीन तारखेला मालकांसमोर तिच्या कटरचा दात उडाला तर सगळे तिच्याकडे बघणार आहेत. तुझ्याकडे कोणीच बघणार नाही. तू पुठ्ठा लावलेल्या खिडकीमागे सुखरूप असशील. तेवढा एक विचार कर.

आईला काही सांगितलेलं नाही. ती विचारत होती, जेवतो का. मी म्हटलं, जेवेल.

मावशी

पत्र वेळेवर मिळावं म्हणून स्वतः स्टेशनवर जाऊन टाकते आहे, गुडघा दुखत असताना. हे उपकार लिहून ठेव.


४ मार्च

मावशी,

सगळं क्रमाने सांगतो. मधे ओरडू नकोस.

तुझं पत्र परवा मिळालं. राहिलेली टेंपरिंग नंतरही करता येतात, फक्त तोवर कटर आपणहून तडकलेला नसावा. म्हणजे तुझं म्हणणं बरोबर. याचा मला आधी राग आला, मग मी एक युक्ती काढली. (म्हटलं ना, ओरडू नकोस.) मी टूलरूममध्ये जाऊन तिला म्हणालो की कटर द्या, फुकटात पॉलिश करून आणतो. ती म्हणाली, धारेला पॉलिश? मी म्हणालो, हो, हल्ली करतात. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं ती चुकीच्या मापाकडे पाहते, आणि म्हणाली की धार लावून, तेल लावून कपाटात ठेवलाय, तिथेच बरा आहे. मी परत आलो.

काल सकाळी मास्तरांनी पुठ्ठा काढला. का ते विचारू नकोस, मला माहीत नाही, त्यांनीही सांगितलं नाही. समोर मालक आलेले दिसले. दोन-तीन ऑपरेटर हात पुसत उभे. ती कटर मशीनवर चढवून नट आवळत होती. तिने केस घट्ट बांधले होते आणि गालावर काहीही लागलेलं नव्हतं, धुवून आली होती. मला ते बघवलं नाही.

मी अॅप्रनसकट रस्ता ओलांडून आत गेलो. मालक म्हणाले, काय हवंय? मावशी, तेव्हाही माझ्या डोक्यात तीन थापा तयार होत्या, आणि एक तर खरंच चांगली होती. पण ती मशीन सुरू करायला हात पुढे करत होती.

मी म्हणालो, "चालू करू नका. टेंपरिंग तीनदा करायचं असतं, मी एकदाच केलंय. कटर तुमचा बरोबर आहे. चूक माझी आहे."

 मालकांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, चाचणी उद्या. विचारलं नाही, सांगितलं. मग स्पॅनर घेतला, नट सोडवला, कटर उतरवून कापडात गुंडाळला आणि माझ्यापुढून निघाली. मी मागे. रस्ता ओलांडताना एक टेम्पो माझ्या अंगावर आला, तिने वळूनही पाहिलं नाही.

आमच्याकडे मास्तरांनी काही विचारलं नाही. त्यांनी कटरला लाल रंगाचं पातळ रसायन लावलं, पुसलं, पांढरी पावडर मारली आणि भिंग घेऊन दात न् दात पाहिला. तडा असेल तर त्या पांढऱ्यात लाल रेघ उमटते.  रेघ नव्हती. मग त्यांनी कटर माझ्या हातात दिला, स्वतःच्या नाही, आणि म्हणाले, कर.

ती गेली नाही. टेंपरिंगच्या भट्टीसमोर लोखंडी स्टूल ओढून बसली. जेवणाची सुट्टी झाली तरी बसूनच. पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा मी सवयीने पंखा लावला. ती उठली आणि पंखा बंद केला. गार व्हायला किती वेळ लागतो हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं, मावशी. लोखंड गार होताना बघत बसायचं, आणि शेजारी जिच्याबद्दल आपण इतकं काय काय ठरवलेलं असतं ती न बोलता बसलेली.

बऱ्याच वेळाने तिने तोंड उघडलं. "तुला कटर मला द्यायचा होता, की मला दाखवायचं होतं?"

 उत्तर सुचलं होतं, पण ते खरं होतं म्हणून बोलता आलं नाही. तिने मग दर थोड्या वेळाने स्वतः कटरला पालथा हात लावून बघायचं असं चाललं. एकदा मीही लावला. ती म्हणाली, अजून नाही. मी म्हणालो, अजून नाही.

आणि तुझ्या लक्षात आलं का? तुला म्हणाली. तुम्हाला नाही. रागाने का होईना.

आज चाचणी झाली. कटरने संध्याकाळपर्यंत गिअर कापले, एक दात इकडचा तिकडे झाला नाही. टूलरूम तिच्या हाती. मालकांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं असं ऑपरेटरने सांगितलं. मला कोणी बोलावलं नव्हतं.

आणि आता ऐक. आज सुट्टी होताना मास्तर मला म्हणाले की उद्यापासून भट्टी नाही, महिनाभर धुण्याच्या टाकीवर. म्हणजे कटरवर चिकटलेलं मीठ गरम पाण्यात ब्रशने घासायचं. मी! मी सगळ्यांसमोर कबूल केल्यावर! कबूल करण्याचं हे बक्षीस असेल तर पुन्हा कोण करेल? मी उद्या सकाळी अॅप्रन त्यांच्या टेबलावर आपटणार आहे. ठरलं आहे. समजावू नकोस.

तुझा भाचा


९ मार्च

चि. भडकू,

समजावत नाही. हे पत्र पोचेपर्यंत अॅप्रन आपटून झालाही असेल. आपटण्यात तुझा हात धरणारा घराण्यात कोणी नाही.

आधी चांगलं सांगते. तुझ्या आईला मी ते पत्र वाचून दाखवलं. हो, दाखवलं, तू फक्त आधीच्याबद्दल मनाई केली होतीस. 'चूक माझी आहे' पर्यंत आले तर ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. ती म्हणाली, हे त्यानेच लिहिलंय ना? मी म्हटलं, अक्षर घाणेरडं आहे, म्हणजे त्यानेच. मग ती भाजी चिरायला लागली आणि सगळी भाजी चिरून संपली तरी चिरतच होती.

'तुला' म्हणाली ते माझ्या लक्षात आलं. तू त्याखाली दोन रेघा मारल्या होत्यास, आंधळ्यालाही आलं असतं. पण फार चढू नकोस. मीसुद्धा पेशंटला तू म्हणते, तो पलंगावरून उतरून पळत असला की.

आता टाकीबद्दल. आमच्याकडे नव्या मुलीने चुकीच्या वेळी चुकीचं औषध दिलं आणि स्वतः येऊन सांगितलं, तर मी तिला आधी जवळ घेते, आणि मग महिनाभर औषधाच्या कपाटाची किल्ली देत नाही. दोन्ही करते. तुझ्या मास्तरांना जवळ घेणं जमत नसेल, पुरुष आहेत. पण तो कटर त्यांनी परत तुझ्याच हातात दिला होता, हे तूच लिहिलंस आणि पुढे विसरलास.

तरी जायचं तर जा. फक्त या वेळी छत्री घेऊन नीघ.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू आईला माझ्या नावाने काय काय सांगितलं असशील याची कल्पना आहे. हात सोलवटले आहेत, पेन धरवत नव्हतं. मिठाच्या पाण्याने कातडी निघते. त्यावर काय लावायचं ते लिही, आणि हसू नकोस.

मी गेलो नाही. त्या सकाळी अॅप्रन हातात घेऊन मास्तरांच्या टेबलापाशी गेलो होतो, हे खरं. ते डबा पुसत होते. म्हणाले, फाटलाय का? दुसरा घे. मी दुसरा घेतला. एवढंच झालं. आपटायचं असेल तर समोरच्या माणसाने थोडी तरी मदत करायला हवी.

महिनाभर घासतोय. त्यात एक कळलं की धुताना कटर जितका जवळून दिसतो तितका भट्टीवर कधी दिसला नव्हता. कोणाची धार घाईत लावलेली, कोणाची जपून, सगळं बोटांना लागतं. तिचं काम असलं की मला न बघता ओळखू येतं. हे तिला सांगितलेलं नाही.

ती अधूनमधून येते. टूलरूमची प्रमुख झाल्यापासून स्वतः यायची गरज नाही, माणूस पाठवता येतो, तरी येते. टाकीपाशी थांबत नाही. एकदा जाता जाता म्हणाली, नखं काप. मी कापली.

तर आजची गोष्ट. ती नवा कटर घेऊन आली. आधीच्यापेक्षा मोठा, अवघड, दात तिरके. मी टाकीवर, हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि ब्रश मुद्दाम हळू चालवत होतो म्हणजे ऐकू येईल. तिने विचारलं, भट्टीवर कोण आहे. मास्तर म्हणाले, मी स्वतः. तिने विचारलं, हा भट्टीवर कधी येणार. हा, म्हणजे मी. मास्तर म्हणाले की तसा येत्या सोमवारी येईल, पण थांबायचं कशाला, आजच घालतो, मी काय नवशिका आहे?

ती म्हणाली, "तुमचा हात चांगलाच आहे. पण त्याने एकदा घाई करून बघितली आहे, आता तो करणार नाही. तुमचं मला माहीत नाही."

मावशी, मास्तरांना ऐकायला कमी येत नाही. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मग ते इतके हसले की त्यांना चिमटा खाली ठेवावा लागला. हसता हसता त्यांनी विचारलं, आणि काम अडलं तर? तुला हा कटर लागणार कधी?

"उद्याच हवा होता," ती म्हणाली, आणि कटर परत कापडात गुंडाळायला लागली.

तुझा भाचा